कान्साई-बेनचं व्याकरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात जपानी शिकवते. त्याआधी तीन वर्षं ओसाकात राहिले. तिकडे नोकरीला निघालेल्या मुलामुलींकडून दर काही महिन्यांनी तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. जपानी शब्द देवनागरीत लिहिलेत. 'ऽ' दिसला की आधीचा स्वर लांबवायचा. प्रमाण जपानीचे मासु-फॉर्म (सभ्य रूप), नाई-फॉर्म (नकार), ते-फॉर्म (जोडणारं रूप) आणि क्रियापदांचे गट (गट १ 'नोमु'सारखी, गट २ 'ताबेरु'सारखी) ठाऊक आहेत असं धरलंय.

१. कान्साई-बेन म्हणजे ओसाकाचीच बोली ना?

नाही. ओसाका, क्योतो, कोबे, नारा, वाकायामा, शिगा या पश्चिम जपानमधल्या सगळ्या पट्ट्यातल्या बोलींना मिळून हे नाव आहे. 'बेन' म्हणजे बोली. टीव्हीवर बहुतेक वेळा ओसाकाची ऐकू येते, म्हणून तीच एक आहे असं वाटतं. क्योतो आणि ओसाका यांच्यात लोकल गाडीने अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर, पण नकार आणि आदर दाखवायची रूपं वेगळी (प्रश्न ५ आणि ९). कोबेच्या पश्चिमेला गेलात की क्रियापदाचा काळसुद्धा वेगळा चालतो (प्रश्न १०).

ही 'बिघडलेली जपानी' आहे असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ७९४ पासून हजारेक वर्षं दरबार क्योतोत होता आणि तिथली बोली हीच मानाची बोली होती. एदोचं तोक्यो झालं १८६८ मध्ये, आणि तिथल्या बोलीवर बेतलेली प्रमाणभाषा त्यानंतरची. आपण सगळे जे 'आरिगातोऽ' म्हणतो ते रूपही मूळचं पश्चिमेकडचंच (प्रश्न ११).

२. आधी प्रमाण जपानी शिकू, की थेट हीच?

आधी प्रमाण. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत प्रमाण जपानीच असते, ऑफिसातल्या ईमेलीत तीच, आणि ओसाकाचा माणूसही अनोळखी माणसाशी 'देसु-मासु'च (सभ्य रूपंच) बोलतो. त्या परीक्षेच्या एन-४ पातळीची तयारी झाली, साधी रूपं न अडखळता यायला लागली की इकडे वळा. त्याआधी वळलात तर दोन्हींची खिचडी होते, आणि ती सोडवायला मलाच बसावं लागतं.

३. 'दा'च्या जागी 'या' घातलं की झालं, हे खरं का?

अर्धं खरं. नामानंतरचा 'दा' इथे 'या' होतो: 'गाकुसेइ दा' (विद्यार्थी आहे) चं 'गाकुसेइ या', 'दात्ता'चं 'यात्ता', 'दारोऽ'चं 'यारो', 'दाकारा'चं 'याकारा'. उगमही एकच: 'दे आरु'चं झिजून 'जा' झालं आणि त्या 'जा'चं एदो काळाच्या अखेरीकडे कामिगातात, म्हणजे क्योतो-ओसाकाकडे, 'या' झालं.

पण जिथे प्रमाण भाषेत 'दा' येत नाही तिथे 'या'ही येत नाही. 'आत्सुइ' (उकडतंय) हे इ-विशेषण, म्हणजे 'इ'वर संपणारं विशेषण. त्याला नुसता 'या' चिकटवून 'आत्सुइ या' म्हणालात तर समोरचा हसेल. 'आत्सुइ नेन', 'आत्सुइ यान', 'आत्सुइ यारो' मात्र चालतं. 'किरेइ ना हितो' (सुंदर माणूस) मधला 'ना' तसाच राहतो, आणि 'देसु'ला कुणी हात लावत नाही. वाक्याच्या शेवटचा 'दा यो' बहुधा 'या दे' होतो.

४. 'हेन' कुठे लावायचा आणि 'न' कुठे?

दोन्ही नकारच. नाई-फॉर्ममधून 'नाई' काढा आणि तिथे 'हेन' किंवा 'न' बसवा:

इकानाई (जात नाही): इकाहेन, इकान
ताबेनाई (खात नाही): ताबेहेन, ताबेन
शिनाई (करत नाही): सेऽहेन, सेन

'हेन' हा रोजचा, सौम्य नकार. 'न' त्यापेक्षा तोडून टाकणारा: 'इकान' म्हणजे 'नाही जाणार, बास'. दुसऱ्या रूपात अडकलेला नकार मात्र बहुतेक 'न'नेच होतो, जसं 'इकान तो' (न जाता). काही शब्द 'न'वरच गोठलेत: 'शिरान' (माहीत नाही), 'आकान' (चालायचं नाही). हा 'आकान' सगळ्यात उपयोगी. दार उघडत नाही, बिघडलंय, हरलो, असं करू नकोस, सगळ्याला एकच शब्द.

भूतकाळ सोपा: 'इकाहेनकात्ता', 'ताबेहेनकात्ता'. आजीच्या वयाच्या बायकांकडून 'ताबेनान्दा' ऐकू येईल. ते समजलं म्हणजे पुरे, वापरू नका.

५. एकाच क्रियापदाचे तीन-तीन नकार ऐकू येतात. बरोबर कोणता?

सगळेच, ज्याच्या त्याच्या गावात. जुनं रूप 'इकि वा सेन' असं होतं, ते झिजत झिजत 'हेन' झालं. झिजताना पुढच्या 'हे'ने मागच्या स्वराला आपल्याकडे ओढलं. ओसाकात 'इकाहेन'चं 'इकेहेन' झालं, क्योतोत 'इकाहेन'च राहिलं. आखूड क्रियापदांत ओढाताण जास्त: 'मिरु' (पाहणे) क्योतोत 'मीऽहिन', जुन्या ओसाकात 'मेऽहेन'. 'कुरु' (येणे) तर विचारूच नका: ओसाकात 'केऽहेन', क्योतोत 'कीऽहिन', आणि तरुण मंडळींत 'कोऽहेन', जे प्रमाण 'कोनाई'कडे बघून तयार झालंय.

माझा सल्ला: ज्या शहरात राहणार तिथलं एक धरा, बाकीची ओळखता आली तरी खूप.

६. 'इकेहेन' म्हणजे 'जात नाही' की 'जाता येत नाही'?

हा सगळ्यात चांगला प्रश्न, कारण यात पाठ्यपुस्तकच आडवं येतं. प्रमाण जपानीत 'इकेनाई' म्हणजे 'जाता येत नाही'. तेच डोक्यात ठेवून ओसाकात 'इकेहेन' ऐकलंत की अर्थ चुकतो. तिथे 'इकेहेन' हा साधा नकार आहे: जात नाही, जाणार नाही. 'जाता येत नाही'साठी 'इकारेहेन'. तसंच 'योमेहेन' (वाचत नाही) आणि 'योमारेहेन' (वाचता येत नाही). क्योतोत साधा नकार 'इकाहेन' असल्यामुळे हा घोळ होत नाही.

मैत्रिणीला जेवायला बोलावलं आणि तिने 'इकेहेन' म्हटलं तर 'बिचारीला जमत नाहीये' असं समजू नका.

७. 'यो इवान' आणि 'इवारेहेन' यांत फरक काय? पुस्तकात दोन्हींचा अर्थ 'सांगता येत नाही' असा दिलाय.

इथे मराठी माणसाला पुस्तकाची गरजच नाही. 'मला हे तिला सांगवत नाही' आणि 'मला हे तिला सांगता येत नाही' यांतला फरक कळतो ना? तोच हा.

'यो' अधिक नकार म्हणजे अडचण आपल्या आत आहे: धीर होत नाही, जीव धजत नाही. 'सोन्ना कोतो यो इवान': असलं काही मला बोलवत नाही. 'रेहेन'मध्ये अडचण बाहेर असते: 'कोको दे वा इवारेहेन', इथे बोलता येणार नाही, लोक ऐकतायत. भुतांचा सिनेमा 'यो मीऽहिन', मला बघवत नाही. तिकीट मिळालं नाही म्हणून बघता आला नाही तर 'मिरारेहेनकात्ता'.

दोन ठिकाणी मात्र ही जोडी जुळत नाही. एक, आपलं 'सांगवत नाही' कर्त्याला 'मला' करून टाकतं. जपानीत कर्ता जागचा हलत नाही. दोन, कौशल्य. पोहणं शिकलेच नाही म्हणून पोहता येत नाही, हे 'यो ओयोगान', कारण उणीव माझ्यातच. आज तलाव बंद म्हणून पोहता येत नाही, हे 'ओयोगारेहेन'. मराठीत दोन्हीकडे 'पोहता येत नाही'. माझे विद्यार्थी इथे हमखास चुकतात, आणि मीही चुकत होते.

होकारातला 'यो' वेगळा: छान, पुष्कळ, नेहमी. 'यो फुरु ना' म्हणजे 'काय पाऊस लागलाय!'

८. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'नेन' लावू का?

नका. 'नेन' हा अलंकार नाही. प्रमाण भाषेतल्या 'नो दा / न दा'चं काम तो करतो, म्हणजे 'असं आहे बघ', 'त्याचं काय झालं' हा समजावणीचा सूर. 'आशिता तोऽक्योऽ इकु नेन': उद्या तोक्योला चाललेय, म्हणजे 'त्यामुळे मला जमणार नाही' हे न बोलता कळतं. नुसती माहिती द्यायची तर 'इकु' किंवा 'इकु वा' पुरे. (हा 'वा' उतरत्या सुरातला, पुरुषही सर्रास वापरतात.)

नामाला 'या नेन', क्रियापदाला आणि इ-विशेषणाला थेट 'नेन'. शेवटचा 'रु' गिळला जातो: 'सुरु नेन'चं 'सुन्नेन', 'शितेरु नेन'चं 'शितेन्नेन'.

भूतकाळात 'नेन'चं 'तेन' होतं. 'इत्ता'वरून 'इत्तेन' (गेले होते ना), 'ताबेता'वरून 'ताबेतेन', 'यात्ता'वरून 'यात्तेन', 'इकाहेनकात्ता'वरून 'इकाहेनकात्तेन'. इथे कान फसतो. 'शितेन' म्हणजे 'केलं, बघ' आणि 'शितेन्नेन' म्हणजे 'करतेय, बघ'. फरक एका ठसक्याचा, अर्थ उलट.

प्रश्नांत आणखी एक बारकावा. हो-नाही प्रश्नाला 'नेन' लागत नाही: 'इकु नेन?' असं कुणी विचारत नाही, 'इकुन?' किंवा 'इकुनोन?' विचारतात. काय-कुठे-का असलेल्या प्रश्नाला लागतो, पण मग तो प्रश्न कमी आणि झाडणं जास्त. 'नानि शितेन्नो?' म्हणजे 'काय करतेयस?' आणि 'नानि शितेन्नेन!' म्हणजे 'अगं काय चाललंय हे तुझं!'

९. 'हारु' हा आदरार्थी प्रत्यय आहे ना? मग क्योतोतली बाई कुत्र्याबद्दलही तो का वापरते?

'नासारु'पासून 'नाहारु', त्यापासून 'हारु', असा त्याचा प्रवास. ओसाकात मासु-फॉर्मच्या मुळाला लागतो: 'इकिहारु' (जातात). क्योतोत नाई-फॉर्मच्या मुळाला: 'इकाहारु'. गट २ मध्ये दोन्हीकडे सारखंच, 'ताबेहारु'. भूतकाळ 'हात्ता', नकार 'हाराहेन'.

आता वापर. प्रमाण जपानीत परक्यापुढे घरच्यांबद्दल आदरार्थी बोलणं चूक मानतात. वडिलांना 'चिचि' म्हणायचं आणि क्रियापद नम्र ठेवायचं. आपल्याला हे पहिल्या वर्षी फार जड जातं, कारण 'आमचे बाबा येतायत' यात आपल्याला काहीच खटकत नाही. क्योतोकरांनाही खटकत नाही. 'ओतोऽचान, इमा ओफुरो हाइत्ताहारु', बाबा आत्ता आंघोळीला गेलेत, हे शेजारणीला सहज सांगतात. तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना क्योतोच्या बायका 'हारु' इतका सैल वापरतात की तान्हं बाळ आणि मांजरसुद्धा त्यात येतं. तिथे तो आदर कमी आणि मायेचं अंतर जास्त असतो. ओसाकात त्यापेक्षा आवरून वापरतात. स्वतःबद्दल मात्र कुठेच नाही.

एक सापळा: क्योतोत 'ते' आणि 'हारु' मिळून 'ताहारु' होतं. 'नेताहारु' दिसायला भूतकाळी, पण अर्थ 'झोपलेत' म्हणजे आत्ता झोपेत आहेत. झोपून उठले असते तर 'नेहात्ता'.

१०. कोबेच्या सहकाऱ्याने 'फुरियोरु' आणि 'फुत्तोरु' दोन्ही म्हटलं. दोन्ही 'फुत्ते इरु'च ना?

प्रमाण भाषेत 'ते इरु' दोन कामं एकटाच करतो: चालू असलेली क्रिया आणि क्रिया होऊन उरलेली अवस्था. कोबे आणि त्याच्या पश्चिमेच्या हारिमा भागात जुन्या पिढीत ही कामं वाटलेली आहेत. 'योरु' म्हणजे चालू, 'तोरु' म्हणजे होऊन राहिलेलं. 'साकुरा गा चिरियोरु': पाकळ्या गळतायत, बघा वर. 'साकुरा गा चित्तोरु': गळून खाली सडा पडलाय. नागपूरकडची मंडळी 'पाऊस पडून राहिला' म्हणतात तेव्हा ते 'योरु'च्या घरात असतात. कोबेत 'तोरु'चं 'तोऽ'ही होतं: 'शित्तोऽ?' म्हणजे 'माहितेय?'

हेच रूप ओसाकात नेलंत तर पंचाईत. तिथे 'योरु'मध्ये किंचित तुच्छता असते: 'आइत्सु, इइयोत्ता' म्हणजे 'बोलला लेकाचा'. साहेबांबद्दल चुकूनही नको.

११. 'कात्ता' म्हणजे 'विकत घेतलं' हे पहिल्या धड्यात शिकलो. इथे 'कोऽता' म्हणतात. का?

'उ'वर संपणाऱ्या गट १ च्या क्रियापदांत पूर्वेकडे दुहेरी त येतो, पश्चिमेकडे स्वर लांबतो: 'काउ'चं 'कोऽता', 'मोराउ'चं 'मोरोऽता', 'वाराउ'चं 'वारोऽता', 'इउ'चं 'यूऽता'. गंमत पुढे आहे. उसनं घेणं हे प्रमाण भाषेत 'कारिरु', पश्चिमेकडे 'कारु', आणि त्याचा भूतकाळ 'कात्ता'! म्हणजे जुन्या वळणाच्या माणसाने 'कात्ता' म्हटलं तर त्याने वस्तू मागून आणलीय, पैसे दिलेले नाहीत. आजची मुलं 'कारिता' म्हणतात, तेव्हा घाबरू नका.

विशेषणांतही असंच: 'ताकाकु नारु'चं 'ताकोऽ नारु'. 'आरिगाताकु'चं 'आरिगातोऽ' आणि 'हायाकु'चं 'ओहायोऽ' याच नियमाने झालं, आणि ते तोक्योनेही घेतलं.

१२. 'ताबेना' म्हणजे 'खाऊ नको' की 'खा'?

हे मी भोगलंय. पहिल्याच आठवड्यात घराजवळच्या छोट्या ओकोनोमियाकीच्या (कोबी घातलेल्या जाड धिरड्याच्या) दुकानात गेले. तव्यावरचा गरमागरम ओकोनोमियाकी माझ्यापुढे सरकवत मालकीणबाई म्हणाल्या, 'हायो ताबेना, सामेरु दे.' माझ्या कानाने 'ताबेरु ना' ऐकलं, म्हणजे खाऊ नको. मी चॉपस्टिक खाली ठेवल्या. त्या माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. वरचे कात्सुओबुशीचे (सुकवलेल्या माशाचे) काप नाचायचे थांबले, तरी मी हात लावला नाही. शेवटी शेजारच्या आजोबांनी हातवारे करून 'खा, खा' सांगितलं.

'ताबेना' हे 'ताबेना आकान'चं (खाल्लंच पाहिजे) अर्धं रूप. नाई-फॉर्मच्या मुळाला 'ना'. मनाई करणारा 'ना' मूळ रूपाला लागतो: 'ताबेरु ना'. गट १ मध्ये फरक स्वच्छ ऐकू येतो: 'नोमाना' (प्यायला हवं), 'नोमु ना' (पिऊ नको).

प्रेमाने सांगायचं तर मासु-फॉर्मचं मूळ जरा लांबवून: 'ताबेऽ', 'शीऽ', क्योतोत 'ताबेयोशी'. प्रेमाने अडवायचं तर 'सेन तोकि', नको करूस. 'सुना!' हा मात्र दम.

१३. 'यान', 'यारो' आणि 'चाउ' मराठीत कसे सांगाल?

'यान' म्हणजे आपला 'की': 'एऽ यान', छान आहे की! 'यारो' म्हणजे 'असेल' किंवा 'हो ना?', सुरावर अवलंबून. 'चाउ' हा 'चिगाउ'चा (वेगळं असणे, नसणे) आखूड अवतार आणि नामाचा नकारही त्यानेच होतो: 'गाकुसेइ चाउ', विद्यार्थी नाही. चाउ-चाउ जातीच्या कुत्र्यावरून 'आरे चाउचाउ चाउन?' (तो चाउ-चाउ नाही का?) हा विनोद तुम्हाला प्रत्येक जण ऐकवेल. प्रत्येक वेळी हसा.

१४. 'जिबुन' म्हणजे 'स्वतः' ना? मग मला 'जिबुन, दोको कारा कितान?' असं का विचारलं?

कान्साईत 'जिबुन' म्हणजे 'तू'सुद्धा. बरोबरीच्या माणसालाच. आपण सुरुवात करू नये.

१५. 'मोऽकारिमाक्का' म्हणून सुरुवात केली तर लोक खूश होतील का?

'धंदा कसा काय?' असं विचारणारं हे वाक्य आज बहुतेक नाटकात आणि विनोदात उरलंय. 'देसु'ऐवजी 'दासु' (ओसाका) किंवा 'दोसु' (क्योतो), 'कारा'ऐवजी 'साकाइ' हेही त्याच कपाटातलं. 'ओऽकिनि' (आभारी) मात्र दुकानांत अजून ऐकू येतं. 'शिरान केदो' (म्हणजे, मला काय माहीत) हे शेपूट तर इतकं जिवंत आहे की २०२२ मध्ये ते जपानच्या वर्षातल्या पहिल्या दहा चर्चित शब्दांत आलं.

१६. रूपं सगळी बरोबर, तरी लोक म्हणतात 'तोक्योचं वाटतं'. काय चुकतंय?

सूर. तोक्योत 'हाशि' चढून उतरला की चॉपस्टिक, खालून वर गेला की पूल. ओसाकात नेमकं उलट. शिवाय इथे शब्द उंच सुरात सुरू होतो की खालच्या, हाही भेद अर्थाचा. एका अक्षराचे शब्द लांबतात: 'ते' (हात) 'तेऽ', 'मे' (डोळा) 'मेऽ', 'कि' (झाड) 'कीऽ'. सूर नसेल तर नुसत्या 'या-नेन'चं सोंग इथल्या लोकांना खटकतं. त्याला 'एसे कान्साई-बेन' म्हणजे नकली असं नावच आहे. परदेशी माणसाला बरीच सूट मिळते, तोक्योकराला अजिबात नाही.

१७. ओकायामाला चाललोय. सिंहगड रोडवरच्या बागेमुळे ते नाव ओळखीचं. तिथे हेच चालेल का?

पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएनवर बेतलंय खरं, पण बोली वेगळी. ओकायामा चुऽगोकु गटात येतं: 'या' नाही, 'जा', 'कारा'ऐवजी 'केन' किंवा 'केऽ'. प्रश्न १० मधला 'योरु-तोरु' भेद मात्र तिथे ठणठणीत आहे, तो आधी पाठ करा.

१८. सराव कशावर करू?

एनएचके या जपानच्या सार्वजनिक टीव्ही वाहिनीची सकाळची मालिका वर्षातले साधारण सहा महिने ओसाका केंद्र तयार करतं, त्यात बोली जपून वापरलेली असते. मांझाई (दोघांची विनोदी जुगलबंदी) वेगवान, ती नंतर. रूपांचा भूगोल बघायचा असेल तर जपानच्या राष्ट्रीय भाषा संस्थेने १९८९ ते २००६ दरम्यान सहा खंडांत बोलीव्याकरणाचे नकाशे काढलेत. 'केऽहेन' कुठे संपतो आणि 'कीऽहिन' कुठे सुरू होतो हे त्यात बघत बसायला मला अजूनही आवडतं. आणि तिकडे पोचलात की पहिला महिना फक्त ऐका. बोलायला सुरुवात 'आकान'ने करा. तो सहसा चुकत नाही.